चपला शोधायला लावणारी सुरावट

भैरवीचे सूर कानावर पडले की माझे पाय आपोआप चपला शोधू लागतात. मैफल संपली, आता घर गाठायचं, हे वळण लहानपणापासूनचं. त्यामुळे इंग्रज संगीतकार व्हॉन विल्यम्सची ‘टॅलिस फँटेशिया’ पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझी पंचाईतच झाली.

थॉमस टॅलिसची मूळ चाल १५६७ सालच्या स्तोत्रसंग्रहातली. तिचे रे, ग, ध, नि कोमल. म्हणजे थाट आपल्या भैरवीचा! तीनशेहून अधिक वर्षांनी, प्रार्थनागीतांचं एक पुस्तक संपादित करताना ती व्हॉन विल्यम्सना भेटली. तिच्यावरून त्यांनी केवळ तंतुवाद्यांसाठी रचना केली आणि १९१० साली ग्लॉस्टरच्या कॅथीड्रलमध्ये सादर केली. त्या संध्याकाळी लोक आले होते खरं तर एल्गार या नामवंत संगीतकारासाठी. पण हर्बर्ट हॉवेल्स आणि आयव्हर गर्नी या दोन कोवळ्या संगीतवेड्यांना रात्री झोपच येईना. ते गावभर भटकत राहिले. त्यांनाही चपला शोधाव्या लागल्याच म्हणायच्या.

माझ्याकडचं ध्वनिमुद्रण वाद्यवृंद-संचालक बार्बिरोलींचं, १९६२चं, लंडनच्या टेम्पल चर्चमधलं. या रचनेत वाद्यवृंद दोन. एक मोठा, दुसरा अवघ्या नऊ जणांचा, जमल्यास जरा लांब बसवायचा. मोठा काही बोलला की ते नऊ जण दुरून हलकेच उत्तर देतात.

ही व्यवस्था आमच्या घरात फार जुनी आहे. मी बाहेरच्या खोलीतून काहीतरी दणक्यात जाहीर करतो. आतून माझंच वाक्य हिच्या आवाजात, हळू, प्रश्नचिन्ह लावून परत येतं. तेवढ्यानं माझा बेत बदलतो.

माझे दोन्ही स्पीकर शोकेसवर, हातभर अंतरावर. त्यात चर्चचं अंतर मावणार कसं? परवा मात्र सवयीनं उठलो आणि चपलांपाशी, दारापर्यंत गेलो. तिथून ते नऊ जण नेमके जिथे असायला हवेत तिथे ऐकू आले. निघता निघताच ऐकायची चीज ही!

थोड्या वेळानं शेवटचा स्वर फुलला आणि विरत गेला.

“संपलं,” मी म्हणालो.

“संपलं?” आतून आलं.

खरंच की. चर्चच्या दगडांत तो अजून रेंगाळत होता.