झिंक झालेली बस

फ्रिडरिश हुंड यांनी १९२५ साली नियम मांडला: सारख्या ऊर्जेच्या कक्षकांत इलेक्ट्रॉन आधी एकेकटे बसतात, जागा संपल्यावरच जोड्या करतात. एवढ्यासाठी जर्मनीत वर्णपटांशी डोकेफोड करावी लागली, याचं मला वाईट वाटतं. आमच्या हैदराबादेत अफझलगंजच्या स्टॉपवर रिकामी बस पकडली असती तर हे काम तिकिटाच्या पैशांत झालं असतं. पहिला उतारू एक खिडकी धरतो, दुसरा मागची, तिसरा पलीकडची. अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावायची कुणाला हौस आहे? नायट्रोजनचे २पी मधले तिघे असेच ऐसपैस. ऑक्सिजनचा चौथा चढला की ‘सरको भाई’ सुरू. एक जोडी होते, सुटे दोनच उरतात. जोडीतल्या दोघांची फिरकी उलट हवी, ही पाउलींची अट. तीही पाळली जाते: एक खिडकीबाहेर बघतो, दुसरा कंडक्टरकडे.

भाची इंटरला आहे. अभ्यासाला इथल्या सेंट्रल लायब्ररीत, म्हणजे जुन्या आसफिया कुतुबखान्यात जाते. तिला इलेक्ट्रॉन संरूपण शिकवायचं काम माझ्याकडे आलं, कारण निवृत्त माणूस रिकामा असतो असा घरात समज आहे. लोखंडाचे सव्वीस मांडले. दाराजवळचं ४एस आधी भरतं, मागचं ३डी नंतर. पण आयन होताना आधी उतरतात ते दाराजवळचेच! उरले ३डी मधले सहा: पाच बाकं, एक जोडी, चार सुटे. चुंबकी आघूर्णाच्या सूत्रात घातले की ४.९० बोर मॅग्नेटॉन.

९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात बायकांना तिकीट माफ झालं आणि हुंडसाहेबांची सद्दी संपली. आता बस येते तीच झिंक होऊन: ३डी मध्ये दहा, ४एस मध्ये दोन, सुटं कुणी नाही. चुंबक दाखवला तर उलट किंचित मागे सरेल. आम्ही दांड्याला.

क्रोमियमपाशी मात्र गाडी अडते. दाराजवळचा एक जण उठून मागच्या मोकळ्या बाकावर जातो, सुटे होतात सहा. का? पुस्तक म्हणतं, अर्धं भरलेलं उपकवच स्थिर असतं. हे उत्तर मला सरकारी वाटतं: कारण विचारावं, तर निकालच पुन्हा वाचून दाखवतात.

“मामा, मॉलिब्डेनमचेही सहाच,” भाची म्हणाली. “मग त्याच्या खालच्या टंगस्टनचे चारच कसे?”

मी चष्मा पुसला. जड अणूत आतले इलेक्ट्रॉन अफाट वेगानं पळतात, त्यामुळे ६एस केंद्राकडे ओढलं जातं आणि ती जागा सोडणं महाग पडतं, असं बरंच सांगितलं.

“म्हणजे लेडीज सीटवर बसलेले काका. कंडक्टर ओरडला तरी उठत नाहीत.”

“हौ. पण पेपरात असं लिहू नकोस.”

तिनं टंगस्टनसमोर चार लिहिले आणि पुढे पेन्सिलीनं बारीक अक्षरात: काका.