वाहन बेडूक, भरवसा साहेबांवर

पहाटे साडेपाचला आमच्या तात्यांच्या मोबाईलवर आकाशवाणी होते. रेडिओची नव्हे, खरीखुरी. व्हॉट्सॲपच्या गटावर साहेबांचा आवाज उमटतो, ‘पोंग्यात असलेल्या प्लॉटला आज एम-पंचेचाळीस मारून घ्या.’ तात्या अंथरुणातूनच उठतात, तोंड धुवायच्या आधी ट्रॅक्टरला ब्लोअर जोडतात. परवा मी बांधावर उभा होतो म्हणून विचारलं, ‘कशासाठी मारताय?’

‘डाऊनीसाठी.’

‘डाऊनी आलीय?’

‘यायच्या आधी मारायचं असतंय.’

‘मग येणार हे कशावरून?’

‘साहेब म्हणालं.’

विषय संपला. साहेब म्हणजे द्राक्ष सल्लागार. पलूस, कुंडल, आमणापूर या पट्ट्यात बागा तितके प्लॉट आणि प्लॉट तितके साहेबांचे भक्त. साहेब पंधरवड्याने गाडीतून येतात, बांधावरूनच एक पान उलटं करून बघतात, ‘हं’ म्हणतात. त्या ‘हं’चा अर्थ काय, यावर पुढे दोन दिवस चर्चा चालते. जीएचं डिपिंग कधी, पेस्टिंग कधी, घडाला मणी किती ठेवायचे, सगळं साहेब सांगतील तसं. का, हे कुणी विचारत नाही. गुरुमंत्राला कारण विचारायची पद्धत नाही.

हेच तात्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर बाकड्यावर मांडी घालून सांगतात, ‘आपण डोळं झाकून कशावर विश्वास ठेवत न्हाई बरं का.’ आणि गंमत म्हणजे देवाच्या बाबतीत ते खरं आहे. धोंडीराज महाराजांच्या समाधीपुढे उभे राहून तात्या रीतसर जाब विचारतात. गेल्या खेपेला नारळ दिला, तरी दर पडला कसा? आता निदान अवकाळी तरी आवरा. देवाशी तात्यांचा वाद चालतो, हिशोब चालतो, प्रसंगी अबोला चालतो. साहेबांशी यातलं काही चालत नाही. पलूसमध्ये अंधश्रद्धा उरली असेल तर ती देवळात नाही, फवारणीच्या वेळापत्रकात आहे, असं माझं मत झालंय.

एका तज्ज्ञापुढे मात्र तात्या अजिबात वाकत नाहीत. तो म्हणजे हवामानशास्त्रज्ञ. ‘सत्तर टक्के शक्यता’ हा शब्दप्रयोग ऐकला की तात्यांच्या कपाळाची शीर उठते. ‘सत्तर टक्के म्हंजी काय? सत्तर टक्के बाग भिजणार का काय? पडणार म्हण, न्हाईतर न्हाई म्हण!’ पंचांग असं घोटाळ्यात टाकत नाही. मृग नक्षत्राचं वाहन बेडूक म्हटलं की बेडूक. पाऊस धो धो. कोल्हा म्हटलं की बोंब.

हे वाहन ठरतं कसं, हे मी एकदा मुद्दाम शोधलं. मला वाटलं होतं, कुणा ऋषीला दृष्टांत होत असेल. तर निघालं भागाकाराचं गणित! सूर्य नक्षत्रात शिरतो त्या वेळी सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, आकड्याला नऊने भागायचं आणि बाकी बघायची. एक उरला तर घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पाच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव. काही उरलं नाही तर हत्ती. चौथीतलं पोर करील. यात ढग कुठे येत नाही, वारा येत नाही, समुद्र तर नाहीच नाही. आणि नक्षत्र आकाशात सगळ्यांना एकच असल्यामुळे मृगाचा बेडूक माणदेशातल्या आटपाडीलाही तोच आणि महाबळेश्वरलाही तोच. आटपाडीकरांनी या बेडकाची वाट बघत किती मृग काढले, ते त्यांना विचारा.

आता दुसरी बाजू. 1988 पासून हवामान खातं वसंतराव गोवारीकरांच्या पुढाकाराने तयार झालेलं मॉडेल वापरत होतं. त्यात नऊ नव्हे, सोळा घटक होते. कुठलं तापमान, कुठला हवेचा दाब, कुठलं बर्फ. बरीच वर्षं ते चाललं. 2002 ला खात्याने पाऊस सर्वसाधारण होईल म्हणून सांगितलं आणि देशभराचा पाऊस सरासरीच्या 81 टक्क्यांवर अडकला. दुष्काळ पडला. खात्याने काय केलं? चुकलं म्हणून कबूल केलं, पुढच्याच वर्षी नवं मॉडेल आणलं.

झालं. तात्यांच्या दृष्टीने खात्याची अब्रू तिथेच गेली. ‘ज्यास्नी सोताचं गणित बदलावं लागतंय, त्यांचं काय ऐकायचं?’ बेडूक-म्हशीच्या गणितावर अशी पाळी कधी आली नाही. ते पिढ्यानपिढ्या चुकत आलंय, पण एकदाही बदललेलं नाही. याला म्हणतात विश्वासार्हता.

इथून हाकेच्या अंतरावर किर्लोस्करवाडी आहे, म्हणून एक जुनी गोष्ट आठवते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात असताना 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर केला, तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत. पहिले नांगर खपायला वर्षं गेली. पुढे 1910 ला औंध संस्थानच्या माळावर वाडी उभी राहिली, नांगर गावोगाव गेले, आणि जमिनीला विष काही चढलं नाही. याच वाडीतून निघणाऱ्या ‘किर्लोस्कर’ मासिकात सावरकरांचे विज्ञाननिष्ठ लेख छापून येत. म्हणजे बुद्धिवादाचा कारखानाही आमच्याच तालुक्यात. आता खंडेनवमीला गल्लीतून चक्कर मारा. नांगर, ट्रॅक्टर, ब्लोअर, पाण्याची मोटर, सगळ्या लोखंडाला हळदकुंकू आणि झेंडूची माळ. जे लोखंड जमीन नासवत होतं ते शंभर वर्षांत देव झालं. तज्ज्ञाला आमच्याकडे मान मिळतो, नाही असं नाही. फक्त त्याने देव होईपर्यंत थांबायची तयारी ठेवावी.

पुराचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाशी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका. हाच आकडा कुणाला धडकी भरवतो, तर तीच कृष्णा खाली नृसिंहवाडीला देवळात शिरून पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडली की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि लोक स्नानाला गर्दी करतात. पाणी एकच. औदुंबरला नृसिंह सरस्वतींनी एक चातुर्मास काढला, तिथेही पाणी देवळात येतं. लोक हात जोडतात, आणि मला त्यात वावगं वाटत नाही. नदीकाठच्या माणसाने नदीला हात जोडायचे नाहीत तर कुणाला?

पण 2019 च्या ऑगस्टमध्ये घर सोडा म्हणून सांगायला आलेल्यांना गावोगाव जे उत्तर मिळालं, ते ना देवाचं होतं ना शास्त्राचं. ते भिंतीवरच्या रेघेचं होतं. ‘2005 ला पाणी हितवर आलतं. ह्याच्या म्होरं येत न्हाई.’ 2005 ला आयर्विनशी पाणी 53 च्या वर गेलं होतं. 2019 ला ते 57 च्या पुढे गेलं. रेघ पाण्याखाली बुडाली, आणि तिच्यासोबत बरंच काही. त्या पुरात उलटलेल्या ब्रह्मनाळच्या बोटीचा विषय निघाला की टपरीवर आजही कुणी बोलत नाही.

नंतर मात्र बोलणं सुरू झालं. पूर का आला, हे तालुक्यात प्रत्येकाला ठाऊक होतं, कर्नाटकातलं अलमट्टी धरण! सरकारने वडनेरे समिती नेमली. जाणकार अभियंते बसले, आकडे मांडले आणि पुराचं खापर अलमट्टीवर फोडता येत नाही, असं म्हणाले. तात्यांनी ती समिती बाकड्यावरच बरखास्त केली. ‘त्यास्नी काय कळतंय?’ समितीने उलटं सांगितलं असतं, तर हाच अहवाल तात्यांनी पारायणाला बसवला असता.

शास्त्रज्ञांवर तात्यांचा राग मात्र नाही. 2023 च्या जुलैत चांद्रयान-3 उडायच्या आधी इस्रोची मंडळी यानाची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुपतीला गेली, तेव्हा तात्यांनी तो फोटो साऱ्या गटांवर पाठवला. ‘बघा! एवढं मोठं शास्त्रज्ञ. त्येबी देव मानत्यात.’ मी म्हटलं, ‘तात्या, देवाच्या बाबतीत त्यांना तुमच्या-माझ्याइतकंच कळतं. तिथं त्यांचं ऐकता. आणि त्यांनीच सोडलेल्या इन्सॅटचा ढगांचा फोटो दाखवला की म्हणता, त्यांना काय कळतंय?’

तात्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग चहावाल्याला म्हणाले, ‘ह्याचं पैसं ह्याच्याकडनं घे.’

ऑक्टोबर छाटणीनंतरची गोष्ट सांगून थांबतो. पोंगे फुटलेले, आभाळ भरून आलेलं. तात्यांनी साहेबांना फोन लावला. स्पीकरवर मीही ऐकत होतो. साहेब म्हणाले, ‘औषध दिलंय. आता पुढचं देवाच्या हातात.’ तात्यांचा चेहरा पडला. मंत्र देणाऱ्यानेच हात वर केल्यावर माणसाने जायचं कुठे? मग देवळात गेलो. पुजारी मंडपाच्या खांबाला धरून आभाळाकडे बघत उभे. तात्यांना बघून त्यांना हायसं वाटलं.

‘बरं झालं आला. उद्या पंगत हाय. मोबाईलात बघून सांगा की, पाऊस पडतोय का?’

तात्यांनी खिशातनं मोबाईल काढला, हवामानाचं पान उघडलं, सत्तर टक्क्यांवर बोट ठेवून ठामपणे म्हणाले, ‘पडत न्हाई.’

पुजारी ‘बरं’ म्हणाले आणि ताडपत्री आणायला आत गेले.