मालकाचा रकाना

वऱ्हाडातल्या इंझोरीत कुणाच्याही धुऱ्यावर उभं राहून विचारा, ‘हे वावर कोनाचं?’ मालकाचं नाव लगेच मिळेल. मग त्याच वावराचा सातबारा काढून बघा. त्यात ‘मालक’ असा रकानाच नाही! आहे तो भोगवटादार. वर्ग एक असाल तर खुशाल विका. वर्ग दोन असाल तर आधी सरकारला विचारा. ज्या कागदापायी सख्खे भाऊ एकमेकांच्या दारात पाऊल टाकत नाहीत, तो कागद दोघांपैकी कुणालाच मालक म्हणायला तयार नाही. वर न्यायालयं सुनावतात ती वेगळीच: फेरफाराची नोंद साऱ्यापुरती, तिनं मालकी शाबीत होत नाही.

वऱ्हाडाला हा खेळ नवा नाही म्हणा. १८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं आणि १९०२ मध्ये सालिना २५ लाखांवर कायमचं पट्ट्यानं देऊन टाकलं. मालक हैदराबादेत, वहिवाट साहेबाची, सारा भरायला आमचा कास्तकार. पुढे १९३६ मध्ये निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताबही मिळाला. वऱ्हाडातली एक पांदण ताब्यात नसलेला वऱ्हाडचा राजपुत्र!

हल्ली असे राजपुत्र पुण्यात फ्लॅट घेऊन राहतात. वावर गावात बटईनं दिलेलं असतं, तेही तोंडी, कारण कागद केला तर कूळ लागेल ही धास्ती. फवारणीचा पंप बटईदाराच्या पाठीवर. पीएम किसानचे वर्षाचे ६००० रुपये मात्र सातबाऱ्यावरच्या नावाला. अतिवृष्टीत सोयाबीन सडलं तर मदतही त्याच नावाच्या खात्यात. बटईदाराला काय मिळतं? पुढच्या सालीही वावर त्यालाच मिळेल अशी आशा.

आणि निंदण, सोंगणी करणारी बाई? ती तर नवऱ्यालाच ‘मालक’ म्हणते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं तिच्यासाठी लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली. १९९२ मध्ये सरकारनंही परिपत्रक काढलं. नवऱ्याच्या हयातीतच बायकोचं नाव सातबाऱ्यावर चढवता येतं, तेही साध्या अर्जावर. अर्ज तेवढा मालकांनी करायचा असतो.