अण्णांचं लोअर व्हर्जन

आर्किटेक्टच्या ऑफिसात एक तरी अण्णा असतातच. ते ओळखायला एक वाक्य पुरतं : "लोअर व्हर्जनला सेव्ह केलंस का?" तुम्ही रात्री दोनपर्यंत डोळे फोडून ड्रॉइंग संपवलेलं असो, जिना, दरवाजे, डायमेन्शन अण्णा नंतर बघणार. आधी व्हर्जन.

आमच्या अण्णांची सुरुवात ड्रॉइंग बोर्डावर झाली. ट्रेसिंगवर शाईचा डाग पडला की अर्ध्या ब्लेडनं खरवडायचा आणि अमोनिया प्रिंट काढताना डोळे पुसायचे, त्या काळातले ते. "ट्रेसिंगला व्हर्जन नव्हतं रे," ते म्हणतात. "चार कोपऱ्यांवर चार पेपरवेट ठेवले की कुणाच्याही टेबलावर उघडायची!"

ऑटोकॅड ते आर14 वर शिकले, आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एक पंगत बसलेली आहे. कुणाला साखर चालत नाही, कुणाची चतुर्थी आहे, हे लग्नघरातल्या आत्याला जसं पाठ असतं, तसं अण्णांना पाठ आहे : आरसीसीवाले 2010, फर्निचरवाला 2004, आणि जाळी कापणाऱ्या लेझरवाल्याला आर12 ची डीएक्सएफ. "त्याला बाकीचं पचत नाही."

अनोळखी फाइल आली की अण्णा ती आधी नोटपॅडमध्ये उघडतात. स्क्रीनभर अगम्य चिन्हं. अण्णा चष्मा कपाळावर ढकलून पहिली सहा अक्षरं तेवढी वाचतात, पत्रिका बघावी तशी. "एसी1032. म्हणजे 2018. नाही उघडायची त्याच्याकडे." एसी1018 दिसलं की मात्र चेहरा खुलतो. "2004! घरंदाज फाइल आहे."

एकदा मी म्हटलं, "अण्णा, ट्रूव्ह्यू फुकट मिळतं. त्यांनाच टाकून घेऊ दे, करू दे कन्व्हर्ट."

"सांगतो की. तोवर त्याचा स्लॅब भरून होईल." आणि मग ठरलेलं : "नव्याला जुनं उघडता येतं, जुन्याला नवं येत नाही. मग वाकायचं कुणी? नव्यानं." हे घरी सुनेसमोर कधी बोलून बघितलंत का, असं माझ्या अगदी ओठांवर येतं.

त्रासही कमी नाही. तळमजल्याच्या एका प्लॅनच्या त्यांच्या फोल्डरात चार प्रती : 'फायनल', 'फायनल 2010', 'फायनल 2004' आणि 'फायनल 2004 असू दे'. गेल्या पावसाळ्यात बाथरूमचा दरवाजा मी घाईत 'असू दे'मध्ये सरकवला आणि साइटवर गेली 'फायनल 2004'. दरवाजा जुन्या जागी बसला. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी पाचवी प्रत केली.

पण एका बाल्कनीच्या जाळीत वेलीची नक्षी होती, तेव्हाची गोष्ट. आर12 मध्ये स्प्लाइन टिकत नाही, तिची तुकड्यातुकड्यांची पॉलीलाइन होते. सगळे घरी गेल्यावर अण्णा एकेक पान झूम करून बसले होते. कुठे कोपरा टोचतोय, कुठे गोलाई मोडतेय, ते बोटानं स्क्रीनवर चाचपत. "तिथं पोरं हात लावणार," एवढंच म्हणाले.

मागच्या महिन्यात ऑफिसात नवं ऑटोकॅड आलं. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन अण्णांनी प्रत्येक मशीनवर ऑप्शन्स उघडलं, 'ओपन अँड सेव्ह'मध्ये जाऊन 2004 करून ठेवलं. दुपारी चहाच्या वेळी एकेकानं गुपचूप ते परत 2018 केलं. माझं राहून गेलं.

तेव्हापासून "फाइल उघडत नाही" म्हणून मला एकही फोन आलेला नाही.