मिरजेची शिफारसपत्रे

कॅनडात जन्मलेल्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचे इस्पितळ उघडले, तेव्हा दरबाराने त्यांच्याकडे हिंदुस्थानातील रुग्णसेवेच्या अनुभवाचा दाखला व तीन शिफारसपत्रे मागितल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. त्याच मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेला साताऱ्या-सांगलीचा चिरंजीव मात्र, अमेरिकेत निवासी डॉक्टर होण्याची उमेद धरताच, वडिलांच्या हळदीच्या पट्टीतले रुपये डॉलरांत मोडून परीक्षांच्या फिया भरतो, अनुभवाच्या दाखल्यासाठी व शिफारसपत्रांसाठी तिकडच्या एखाद्या दवाखान्यात महिनाभर विनावेतन, किंबहुना पदरमोड करून, कोपऱ्यात उभा राहतो, आणि रुग्णसेवेच्या आजन्म ओढीविषयी एकपानी निवेदन गुजरतो, ज्यात आजीचा दमा हमखास असतो.

पुढला मामला वधूवर सूचक मंडळाचा: दोन्ही पक्षांनी, म्हणजे उमेदवारांनी व इस्पितळांनी, पसंतीच्या याद्या द्याव्यात, आणि कोणाचा संसार कोठे, हे संगणकाने मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी जाहीर करावे. ही उपमा माझ्या पदरची नव्हे. गेल व शॅप्ली या विद्वानांनी १९६२ सालीच या हिशेबाची उपपत्ती विवाहाच्या स्थैर्यावरून मांडली, आणि शॅप्लींना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेलही मिळाले. फरक एवढाच, की आमच्याकडे नकार कळविताना ‘पत्रिका जुळत नाही’ एवढे लिहिण्याची तसदी तरी घेतात.