मुरबाडचा व्हिसा कधी निघणार?

ऑस्ट्रेलियाने भारतीय तरुणांसाठी 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसाची सोडत काढली आणि डोंबिवलीच्या अनेक वर्षांच्या साधनेला फळ आलं. सोडतीला आम्ही घाबरत नाही. म्हाडाच्या कोकण मंडळाचे अर्ज भरण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्या मुलांना २५ ऑस्ट्रेलियन डॉलर भरून नशीब अजमावायला कोण शिकवणार? ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिली नोंदणी झाली. जागा १,०००; पहिल्या दोन आठवड्यांतच देशभरातून अर्ज सुमारे ४०,०००. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये चौथी सीट मिळवणाऱ्यांना हे प्रमाण उदारच वाटलं असेल.

वय १८ ते ३०, मुक्काम वर्षभर. देश बघायचा आणि खर्च भागवण्यापुरतं मिळेल ते काम करायचं, एवढाच त्यामागचा हेतू. आमच्या घरांत तो फार वेळ टिकत नाही. 'फिरायला जातोय,' असं चिरंजीव म्हणाले की आई दुरुस्ती करते, 'अनुभव घ्यायला जातोय.' तळमजल्यावरच्या काकूंपर्यंत बातमी पोहोचेस्तोवर त्याचं सिडनीला पोस्टिंग झालेलं असतं.

खात्यात साधारण ५,००० डॉलर दिसायला हवेत. म्हणजे मुलाने स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून बाबांनी मुदत ठेव मोडायची. पुढची अट बाबांना त्याहून झोंबते. एका मालकाकडे सहसा सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही. ज्या गृहस्थाने एकाच कंपनीत उभी नोकरी काढली आणि निरोपाला मिळालेलं घड्याळ अजून भिंतीवर चालू ठेवलंय, त्याला परकं सरकार बजावतं की टिकून राहाल तर नियमभंग होईल!

खरी गंमत दुसऱ्या वर्षाच्या व्हिसाची. तो हवा असेल तर तीन महिने ठरावीक भागांत ठरावीक कामं करावी लागतात. त्यात शेती आणि फळतोडणी आली. मग घरी ज्याला हापूससुद्धा फोडी करून लागतो, तो उत्तरेकडच्या कॅथरिनमध्ये 'केन्सिंग्टन प्राइड' आंब्याच्या झाडाखाली उभा राहतो. चीक हातावर उततो, उन्हाने नाक सोलतं. व्हिडिओ कॉलवर हे बघून आई रडत नाही. स्क्रीनशॉट काढते आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकते: 'अ‍ॅग्रिकल्चर सेक्टरमध्ये आहे.'

याच मुलाच्या काकांची मुरबाडला भातशेती आहे. 'लावणीला ये,' असा फोन दर पावसाळ्यात येतो आणि दर पावसाळ्यात याची पाठ धरते. कॉलेजात असताना याने फडके रोडवरच्या हॉटेलात टेबलं पुसायचं नुसतं म्हटलं असतं, तर मामा, आत्या आणि सोसायटीचे सेक्रेटरी अशी संयुक्त बैठक बसली असती: 'घरात काही कमी आहे का?' मेलबर्नमध्ये तेच फडकं हातात आलं की तो हॉस्पिटॅलिटीत असतो. श्रमाला प्रतिष्ठा असते, हे आम्ही शाळेच्या निबंधात लिहिलं होतंच. ती इमिग्रेशनचा शिक्का बसल्यावर लागू होते, एवढं लिहायचं राहून गेलं.

तेव्हा ठाणे जिल्ह्यानेही आपला व्हिसा काढावा: 'मुरबाड-शहापूर वर्क अँड हॉलिडे.' जागा हजारच ठेवाव्यात. अर्ज ऑनलाइन घ्यावेत आणि पहिल्याच तासात संकेतस्थळ बंद पडावं, म्हणजे लोकांचा विश्वास बसेल. इंग्रजीची परीक्षा सक्तीची करावी. त्याशिवाय चिखलात उतरायला कोणी तयार होणार नाही. तीन महिने भातलावणी करणाऱ्याला दुसऱ्या वर्षी नाचणी द्यावी. ठाण्यापासून कल्याणपर्यंत स्टेशनाबाहेर क्लासच्या पाट्या झळकतील आणि लग्नाच्या बायोडाटात 'मुरबाड रिटर्न' अशी ओळ येईल.

अडचणी आहेत. ऑस्ट्रेलिया फार तर दिवसभराच्या प्रवासावर आहे, कल्याण-मुरबाड रेल्वेची मात्र लोक वर्षानुवर्षं वाट बघताहेत. आणि मुरबाडच्या काकांचीही एक रास्त शंका आहे. लावणीला माणूस मिळत नाही, हे खरं. पण या अनुभवार्थींना दुपारचं जेवण शेतावर घालायचं, की त्यांच्या आया डोंबिवलीहून डबा पाठवणार?