तीनशे शब्दांचा जामीन

पुण्यनगरीच्या विद्याव्यासंगाविषयी ज्यांच्या मनात अजूनही किंतु असेल, त्यांनी १९ मे २०२४ चा तो हुकूम वाचावा. बारावीचा निकाल साजरा करण्यास पबात गेलेल्या सतरा वर्षांच्या मुलाने मद्यप्राशन करून भरधाव हाकलेल्या मोटारीखाली कल्याणीनगरात दोन तरुण अभियंते ठार झाले, असे पोलिसांचे म्हणणे असता, बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी त्यास जामीन देऊन अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. व्यसनमुक्तीच्या समुपदेशनाचीही अट होती. परंतु लोकांच्या ध्यानात राहिला तो निबंधच.

आणि का राहू नये? महाविद्यालयांत व्यसनमुक्ती सप्ताह येतो तोही निबंधस्पर्धा, भित्तिपत्रके आणि सामुदायिक शपथ घेऊनच; शपथेस उभे राहिल्याची हजेरी लागत असल्यामुळे तीस कोणाची हरकत असल्याचे ऐकिवात नाही. बिअरला २१ आणि कडक मद्याला २५ वर्षे ही वयाची अट सरकारदप्तरी सुखरूप आहे. पिणाऱ्याजवळ परवाना असावा असाही दंडक आहे, व एक दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो; तेवढ्यात अमृततुल्यातला चहाही मिळत नाही.

याच शहरात १८८० साली नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती, आणि १९०८ साली टिळकांच्या पाठबळाने तरुण स्वयंसेवक गुत्त्यांच्या दाराशी उभे राहून गिऱ्हाइकांना विनवून परत पाठवीत, तेव्हा सरकारला त्या विनवणीत दंडेली दिसली. आता पबाच्या दाराशी धिप्पाड बाउन्सर उभे असतात; वय विचारणे त्यांच्या कामात मोडत नसावे.

३१ डिसेंबरला ‘द दारूचा नव्हे, द दुधाचा’ म्हणत कार्यकर्ते चौकात दूध वाटतात, आणि सरकार त्याच रात्री मद्यालयांना पहाटे पाचपर्यंत, म्हणजे दूधवाल्याची फेरी सुरू होईपर्यंत, मुभा देते.

अपघातानंतर उत्पादन शुल्क खात्याने पबांना टाळे ठोकले, महापालिकेचे हातोडे चालले. बांधकामे अनधिकृत होती हे दोन जीव गेल्यावर दिसले. तेव्हा निबंधाची प्रथा चालू ठेवायचीच, तर ती या दोन कचेऱ्यांतही चालावी. विषय : ‘सतरा वर्षांच्या मुलाला दारू कोणी वाढू दिली?’ शब्दमर्यादा नाही. मात्र नावे पूर्ण लिहावीत. वाचकांपैकी कोणाचे तेथे वजन असल्यास त्यांनी हा विषय पोहोचता करावा.